ओम्नीचा मागचा डावा ब्रेक: ११ महिन्यांत तीनदा लायनर बदलले, तरी तेच. काय तपासू?

अनघा_सुदामानगर
नमस्कार मंडळी. गाडी २००८ची मारुती ओम्नी, पेट्रोल, ९४,००० किमी झालेली. बाबांनी हौसेनं घेतलेली, आता मी चालवते. माझं फराळाचं काम आहे. इंदूरमध्ये सुदामानगरहून विजयनगरपर्यंत डबे याच गाडीतून जातात, आणि महिन्यातून एकदा आई-बाबांना ओंकारेश्वरला नेते.

मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक लागतच नाही असं वाटतं. जोरात दाबला की गाडी उजवीकडे ओढते. हँडब्रेक पूर्ण वर खेचला तरी आमच्या गल्लीच्या उतारावर गाडी हळूहळू सरकते. गॅरेजवाल्यांनी ११ महिन्यांत तीन वेळा लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे पट्टे) बदलले, एकदा ते पट्टे ड्रमवर दाबणारा व्हील सिलिंडरही. दर वेळी दोन-तीन महिने बरे जातात, मग पुन्हा पहिले पाढे. त्या चाकाच्या टायरला आतून काळा तेलकट ओघळ असतो.

गेल्या रविवारी खंडवा रोडच्या भेरूघाटात उतरताना पेडल एकदम मऊ पडलं, जवळजवळ तळाला गेलं. दुसरा गिअर टाकून कशीबशी कडेला घेतली. आई मागच्या सीटवर होती, तिचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही. अर्धा-पाऊण तास थांबलो आणि पेडल पुन्हा कडक झालं! आता गॅरेजवाले म्हणतात, दोन्ही ड्रम आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइलला दाब देतो तो) बदला. करू का एवढा खर्च? की मूळ दुखणं वेगळंच आहे?

रामबागकर
ताई, उत्तर सापडेपर्यंत ही गाडी घाटात नेऊ नका. शहरातही डब्यांचं वजन भरून नको.

जुना_फोरमन
अनघाताई, खर्च करायच्या आधी एकच सांगा. ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी खाली जाते का? तीन वेळा लायनर बदलले, त्या काळात कुणी डबीत तेल ओतलं का?

अनघा_सुदामानगर
काका, डबी मीच बघते. एकदाही ओतावं लागलं नाही. पातळी जिथली तिथे.

जुना_फोरमन
मग तुमच्या ड्रममध्ये येतंय ते ब्रेक ऑइल नव्हे. व्हील सिलिंडर गळत असता तर डबी उतरली असती. लायनर झिजतात तशी पातळी थोडी खाली येते, पण टायरवर ओघळ येण्याइतकं तेल बाहेर पडलं तर ते डबीत दिसल्याशिवाय राहत नाही.

ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली, पण ओढ मागच्या चाकांना. म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलच्या, म्हणजे दोन्ही मागची चाकं जोडणाऱ्या आसाच्या, नळीत गिअर ऑइल आहे, आणि त्या नळीच्या टोकाला, ड्रमच्या अगदी मागे, एक ऑइल सील बसतं. ते सील गेलं की गिअर ऑइल सरळ लायनरवर. ८००, झेन, अल्टो या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या. त्यांच्या मागच्या ड्रमला हे दुखणं नसतं, त्यामुळे ज्याचा हात त्या गाड्यांवर बसलाय त्याच्या डोक्यात हे पटकन येत नाही.

खात्री घरीच करता येईल. चाक काढा, ड्रमच्या मागच्या पत्र्याच्या खालच्या कडेला बोट लावा. ते बोट पाण्याच्या वाटीत बुडवा. ब्रेक ऑइल असेल तर पाण्यात विरघळून जाईल, बोट चोळलं की स्वच्छ. गिअर ऑइल असेल तर पाण्यावर तवंग येईल आणि बोट चिकटच राहील. शिवाय वास. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो, एकदा घेतला की विसरत नाही.

घाटातल्या पेडलचं कारण जवळजवळ याच घरातलं. मागचं एक चाक कामच करत नाही, त्यामुळे उतारावर सगळा भार पुढच्या डिस्कवर आला आणि त्या तापल्या. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल ताजं असताना २०५ अंशांच्या खाली उकळू नये असं मानक आहे, आणि पाणी शोषलेल्या तेलाला तीच मर्यादा १४० अंशांची. तेल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, पेडल खाली बसतं. थंड झालं की पुन्हा कडक. शेवटचं ब्रेक ऑइल कधी बदललं?

अनघा_सुदामानगर
बदलल्याचं आठवतच नाही. बाबांनाही नाही.

दांडियाबाजार_बडोदे
माझा अनुभव सांगतो. तेलकट झालेले लायनर पेट्रोलमध्ये धुवायचे आणि काडी लावून तेल जाळून टाकायचं. वर पॉलिशपेपर मारला की नव्यासारखे. आमच्याकडे वर्षानुवर्षं असंच करतात. नवीन जोड कशाला?

जुना_फोरमन
दादा, तुम्ही मदत म्हणून सांगितलंत, पण हे करू नका आणि कुणाला करायलाही सांगू नका. तेल लायनरच्या पोटात मुरलेलं असतं. जाळल्यावर वरचा थर कोरडा दिसतो, आणि घाटात ड्रम तापला की आतलं तेल पुन्हा वर येतं. नेमकं जिथे ब्रेक हवा तिथेच. पेट्रोल-डिझेल व्हील सिलिंडरच्या रबराला लागलं तर रबर फुगतं, ते वेगळंच. तेल प्यायलेले लायनर फेकायचेच, आणि फक्त डावे नव्हे, उजवेही. एक बाजू नवी, एक जुनी ठेवली की गाडी ओढणारच.

धुळीबद्दलही सांगतो. ड्रम उघडल्यावर हवा मारून साफ करायची पद्धत आहे, ती थांबवा. जुन्या लायनरच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. मी तरुणपणी हे पाळलं नाही. माझ्या हाताखालच्या पोरांना मात्र पाळायला लावलं.

लष्कर_ग्वाल्हेर
आमच्या ओम्नीला हेच झालं होतं. सील बदललं, दोन महिन्यांत पुन्हा गळायला लागलं. पुन्हा बदललं, पुन्हा तेच. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं अ‍ॅक्सलच्या नळीवरचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर जायची टोपीवाली छोटी वाट, दाखवला. मातीनं गच्च भरला होता. तो साफ केला आणि गळती बंद.

जुना_फोरमन
ग्वाल्हेरकरांनी मुद्द्यावर बोट ठेवलं. अनघाताई, मलाही हेच सांगायचं होतं. सील गेलं म्हणून नवं घालणं हे अर्धं काम. ते का गेलं ते बघा.

गाडी चालली की अ‍ॅक्सलमधलं तेल आणि हवा तापते. हवा फुगली की ब्रीदरमधून बाहेर जाते. आपल्या माळव्यातल्या काळ्या मातीचा चिखल त्यावर बसून वाळला की दगड होतो. मग हवेला वाट एकच, सीलच्या ओठावरून, आणि जाताना ती तेल घेऊन जाते. ब्रीदर काढून ब्रेक क्लीनरनं धुवा. त्याची टोपी बोटानं मोकळी हलली पाहिजे.

आणखी तीन ठिकाणं. तेलाची पातळी भरायच्या भोकाच्या खालच्या कडेइतकीच हवी, जास्त भरलेलं तेलही सीलवर चढतं. शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) काढल्यावर बेअरिंग हातानं फिरवून बघा, खरखर किंवा ढिलाई असेल तर शाफ्ट नाचतो आणि नवं सील महिन्यात खातो. तिसरं, सीलचा ओठ जिथे टेकतो त्या जागी नख फिरवा. नख अडकेल इतकी खाच पडली असेल तर नुसतं सील बदलून उपयोग नाही.

सील हातोडीनं तिरकं ठोकू देऊ नका. त्याच मापाचा गोल तुकडा ठेवून सरळ बसवायचं, ओठाला आधी थोडं तेल लावून.

अनघा_सुदामानगर
काका, आज सकाळी शेजारच्या दादांनी चाक काढून दिलं. बोट वाटीत बुडवलं. तवंग आला! आणि वास अगदी तुम्ही म्हणालात तसाच. बाबा ओट्यावर बसून बघत होते, म्हणाले, "हा क्राउनच्या तेलाचा वास." म्हणजे मागच्या चाकांना ओढ देणाऱ्या गिअरच्या तेलाचा. त्यांना इतकी वर्षं माहीत होतं, फक्त त्यांना कुणी विचारलं नाही. मीही नाही.

सामान कुठे मिळेल आणि ड्रम बदलावे लागतील का?

रामबागकर
सरवटे स्टँडजवळ छोटी ग्वालटोलीत स्पेअर पार्टची दुकानं ओळीनं आहेत. जुनं सील सोबत न्या आणि त्यावरचा नंबर जुळवून घ्या. लायनर कंपनीच्या पाकिटातले घ्या, बिल मागा.

जुना_फोरमन
ड्रमच्या अंगावर कमाल व्यासाचा आकडा ओतलेला असतो. मिस्त्रीला कॅलिपरनं दोन-तीन ठिकाणी मोजायला सांगा. आकड्याच्या आत आणि सगळीकडे सारखा असेल तर ड्रम ठेवा, ब्रेक क्लीनरनं धुवून घ्या. चऱ्या असतील तर लेथवर हलका हात, पण तो आकडा ओलांडायचा नाही. मास्टर सिलिंडर आत्ता बदलू नका. इंजिन चालू ठेवून पेडल एक मिनिट सारखं दाबून धरा. हळूहळू खाली गेलं आणि बाहेर कुठे गळती नसेल, तरच त्याच्याकडे बघायचं. ब्रेक ऑइल मात्र पूर्ण बदला आणि चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढा. यापुढे दर दोन वर्षांनी.

अनघा_सुदामानगर
दहा दिवसांनी लिहितेय. ब्रीदर मातीनं बंदच होता, मिस्त्रीला तो तारेनं टोकरावा लागला. सील दोन्ही बाजूंची बदलली, डाव्या बाजूचं बेअरिंगही खरखरत होतं, तेही. ड्रम मापात निघाले, मास्टर सिलिंडर ठीक. नवे लायनर, नवं ब्रेक ऑइल. गाडी आता सरळ थांबते. फक्त हँडब्रेक अजून नऊ-दहा टिकटिक वर येतो. मिस्त्री म्हणतो, केबल आवळून देतो.

जुना_फोरमन
थांबवा त्याला. आधी ड्रममधल्या शूचं (ज्यावर लायनर बसतात त्या कमानींचं) अंतर नीट लागलं पाहिजे, केबल सगळ्यात शेवटी. केबल आधी आवळली की शू ओढलेलेच राहतात, आतला अ‍ॅडजस्टर काम करत नाही आणि ड्रम तापतो. केबल ढिली करून शू लावून घ्या, पेडल दहा-बारा वेळा दाबा, मग केबल. त्यानंतर मागची दोन्ही चाकं उचलून गिअर न्यूट्रलला ठेवा आणि हातानं फिरवून बघा, दोन्ही सारखीच मोकळी फिरली पाहिजेत. चार-पाच किलोमीटर चालवून आल्यावर दोन्ही ड्रमवर पाण्याचे दोन थेंब टाका. एकावर चुरचुरलं आणि दुसऱ्यावर नाही, तर पुन्हा उघडायचं.

अनघा_सुदामानगर
केलं काका. पाचव्या टिकटिकीला धरतो, गल्लीच्या उतारावर रात्रभर उभी होती. पाण्याचे थेंब दोन्हीकडे नुसते ओघळले. ब्रीदर दर पावसाळ्यानंतर बघायचा असं बाबांनी गाडीच्या वहीत लिहून ठेवलंय.