लिफ्टचे ४०,००० आणि पेन्शनचे १,८७४
(इंदूरच्या एका ‘मल्टी’तल्या, म्हणजे बहुमजली इमारतीतल्या, रहिवाशांचा ग्रुप)

नाना, अ-१०२ (सकाळी ७:०५)
सर्व रहिवाशांना सादर नमस्कार. काल रात्री दाराखालून सरकवलेली लिफ्ट निधीची नोटीस वाचली. प्रत्येक फ्लॅटने ४०,००० रुपये महिनाअखेरीपर्यंत एकरकमी भरावेत आणि मासिक देखभाल १,८०० वरून २,४०० रुपये करण्यात येत आहे, असे तीत लिहिले आहे. मी पहिल्या मजल्यावर राहतो, तरीही लिफ्टला माझा विरोध नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. मी २००९ मध्ये देवासच्या कारखान्यातून निवृत्त झालो, तेव्हा ईपीएस ९५ या कर्मचारी पेन्शन योजनेत मला दरमहा १,८७४ रुपये पेन्शन बसली आणि आजही ती १,८७४ रुपयेच आहे. आजवर देखभाल भरून त्यातले ७४ रुपये उरत होते. आता पेन्शन संपूर्ण देऊनही ५२६ रुपये कमी पडतील.

दादा, अ-४०१ (७:२२)
नाना, आपल्याविषयी पूर्ण आदर आहे. तथापि हा ठराव सप्टेंबरच्या वार्षिक सभेत बहुमताने मंजूर झालेला आहे. ज्यांची हरकत होती त्यांनी ती सभेतच नोंदवायला हवी होती.

नाना, अ-१०२ (७:३१)
सभा गच्चीवर ठेवली होती आणि त्या दिवशीही लिफ्ट बंद होती. गुडघ्याच्या दुखण्यामुळे मी चार मजले चढू शकत नाही, हे त्या दिवशी सकाळीच सचिवांना कळवले होते.

सचिव, क-३०१ (७:४४)
नाना, आपला निरोप मिळाला होता आणि सभा खाली घ्यायला हवी होती, हे मला मान्य आहे. हिशेब सर्वांच्या माहितीसाठी पुन्हा देतो. आपली मल्टी २००४ ची आहे आणि लिफ्टही तेव्हाचीच आहे. नव्या लिफ्टचा खर्च ९,६०,००० रुपये आहे आणि फ्लॅट २४ आहेत. राखीव निधी गेल्या पावसाळ्यात गच्चीच्या गळतीवर खर्च झाला, हे आपण सर्व जाणताच.

भाऊ, क-२०२ (७:५०)
तोपर्यंत सर्वांनी जिने चढावेत, म्हणजे व्यायामशाळेची फी तरी वाचेल.

माई, ब-३०२ (८:०२)
भाऊ, आपण गमतीने लिहिले असेल, पण मला ते लागले. गेल्या मंगळवारी भाजीची पिशवी घेऊन मी दुसऱ्या मजल्यापर्यंत कशीबशी आले आणि तिथल्या चपलांच्या कपाटावर वीस मिनिटे बसून राहिले. माझे वय ७९ आहे. लिफ्टची गरज या मल्टीत कोणाला सर्वांत जास्त असेल तर मला आहे, आणि तरीही नानांनी औषधे कमी करून भरलेल्या पैशांची लिफ्ट मला नको आहे.

भाऊ, क-२०२ (८:०६)
माई, मनापासून क्षमा मागतो. यापुढे पिशवी खालीच ठेवून मला फोन करावा, मी वर आणून देईन.

अण्णा, क-१०३ (८:४०)
बँकेत ३४ वर्षे काढल्यामुळे दोन शब्द लिहिण्याचे धाडस करतो. नानांची रक्कम कमी का, हे तरुण सभासदांना ठाऊक नसावे. ईपीएस ९५ योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाली. पगाराच्या ८.३३ टक्के रक्कम मालकाच्या वाट्यातून पेन्शन फंडात जाते, परंतु हा पगार प्रत्यक्षातला नसून ठरावीक मर्यादेपर्यंतचाच धरला जातो. ती मर्यादा २०१४ च्या ऑगस्टपर्यंत ६,५०० रुपये होती आणि त्यानंतर १५,००० झाली. पेन्शनयोग्य पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागायचे, एवढेच सूत्र आहे. नानांच्या बाबतीत १९९५ ते २००९ ही १४ वर्षे धरली तर ६,५०० गुणिले १४ भागिले ७०, म्हणजे १,३०० रुपये येतात आणि त्याआधीच्या सेवेचे थोडे वर मिळतात. महागाई भत्ता या योजनेत मुळातच नाही. सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन १,००० रुपये आहे आणि तीही तेव्हापासून तेवढीच राहिली आहे. म्हणूनच निवृत्तीच्या वेळी मिळालेली रक्कम प्रत्येकाने ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवावी, असे मी नेहमी सांगत आलो आहे.

नाना, अ-१०२ (८:५८)
अण्णा, सूत्र आपण अचूक सांगितले, त्याबद्दल आभार. मात्र शेवटचे वाक्य वाचून वाईट वाटले. भविष्य निर्वाह निधीचे मला साडेआठ लाख मिळाले होते. त्यातून मुलीचे लग्न झाले आणि हिच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. या दोन्हींपैकी काय टाळायला हवे होते, हे आपणच सांगावे. उरलेले चार लाख त्याच योजनेत आहेत. ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ८,२०० रुपये येतात, म्हणजे महिन्याला २,७३३. बाकीचे मुलगा पुण्याहून पाठवतो. त्याचे स्वतःचे घरकर्ज चालू आहे. दर महिन्याच्या पाच तारखेनंतर त्याचा फोन आला की मी आधी तब्येतीचे बोलतो, कारण पैशांची आठवण करून द्यावी लागू नये असे मला वाटते.

अण्णा, क-१०३ (९:०३)
नाना, माझा तसा हेतू नव्हता. शब्द मागे घेतो.

दादा, अ-४०१ (९:१०)
चर्चा भावनिक होत चालली आहे. ठराव सप्टेंबरच्या वार्षिक सभेत बहुमताने मंजूर झालेला आहे, याची पुन्हा नम्रपणे आठवण करून देतो.

माई, ब-३०२ (९:२५)
आमचे हे सरकारी शाळेत शिक्षक होते, त्यामुळे मला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. रक्कम फार नाही, पण महागाई वाढली की उशिरा का होईना, त्यात वाढ होते. नाना आणि मी एकाच दुकानातून तूरडाळ आणतो. दुकानदार मला एक भाव आणि नानांना २००९ चा भाव लावत नाही. एकाच जिन्यावर राहणाऱ्या दोन म्हाताऱ्या माणसांत हा फरक का असावा, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेले नाही.

खजिनदार ताई, ब-४०२ (९:४८)
बराच वेळ लिहावे की नाही याचा विचार केला. सर्व ज्येष्ठांचा मान राखून एक गोष्ट मांडते, गैरसमज नसावा. पैसा कमी पडला की दर वेळी सवलतीची मागणी होते आणि तो भार आमच्यासारख्या पंचेचाळिशीतल्या लोकांवर येतो. आमचा गृहकर्जाचा हप्ता आहे, दोन मुलांच्या शाळेची फी आहे, उज्जैनला सासू-सासऱ्यांचे औषधपाणी आहे आणि आम्हा दोघांनाही खासगी नोकरीत सरकारी नोकरीसारखी पेन्शन मिळणार नाही. नानांचा संदेश वाचून मला राग आला नाही, भीती वाटली. माझाही पगार १५,००० च्या मर्यादेवरच मोजला जातो. अण्णांच्या सूत्राने पूर्ण ३५ वर्षे नोकरी केली तरी ७,५०० रुपये बसतात. मी साठीत पोचेन तेव्हा या मल्टीची देखभाल किती असेल, याचा हिशेब मी रात्री करून पाहिला आणि कागद घडी करून ठेवला.

नाना, अ-१०२ (१०:०२)
ताई, आपले म्हणणे अगदी रास्त आहे. म्हणूनच मी सवलत हा शब्द कोठेही वापरलेला नाही, कृपया संदेश पुन्हा वाचावा. मी पूर्ण ४०,००० रुपये देईन. ते एकरकमी देता येणार नाहीत, एवढेच माझे म्हणणे आहे.

काकू, क-४०२ (१०:१५)
दवाखान्याच्या खर्चासाठी ७० वर्षांवरील सर्वांना आयुष्मानचे वय वंदना कार्ड मिळते, त्यात उत्पन्नाची अट नाही. नानांनी ते काढले आहे का?

नाना, अ-१०२ (१०:२८)
काढले आहे आणि त्याबद्दल समाधानही आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये योजना सुरू झाली आणि दुसऱ्याच महिन्यात आम्ही दोघांनी कार्ड करून घेतले. कुटुंबासाठी वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यात होतात, परंतु ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. आमचा रोजचा खर्च गोळ्यांचा आहे. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या जनऔषधी केंद्रातून आणतो, हिच्या हृदयाची एक गोळी तिथे बहुधा मिळत नाही. ती बाहेरून घ्यावी लागते. पाकीट मोडून पाच गोळ्या कात्रीने कापून देण्याची विनंती दुकानदाराला दर आठवड्याला करतो. तो देतो, पण मागे रांग असली की मी आधी इतरांना पुढे जाऊ देतो.

माई, ब-३०२ (१०:४०)
रेल्वेचेही तेच झाले. आम्हा बायकांना तिकिटात ५० टक्के आणि पुरुषांना ४० टक्के सूट होती, ती मार्च २०२० मध्ये बंद झाली. तेव्हापासून पुण्याला बहिणीकडे जाणे वर्षातून दोनदाऐवजी एकदा होते.

अण्णा, क-१०३ (११:०५)
एक विचार मांडतो. या २४ फ्लॅटमध्ये साठीच्या पुढचे आपण एकोणीस मतदार आहोत. मतदानाच्या दिवशी सर्वांत आधी रांगेत उभे राहणारेही आपणच असतो. नगर निगमची (महानगरपालिकेची) गेली निवडणूक जुलै २०२२ मध्ये झाली, म्हणजे पुढची २०२७ मध्ये अपेक्षित आहे. दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आपण हा प्रश्न लेखी द्यावा.

दादा, अ-४०१ (११:०९)
ग्रुपवर राजकारण आणू नये, असा नियम आहे. शिवाय ठराव मंजूर झालेला आहे.

भाऊ, क-२०२ (११:१५)
लिहून देऊन काय होणार आहे? २०२४ मध्ये इंदूरच्या २ लाख १८ हजारांहून अधिक मतदारांनी नोटाचे बटण दाबले, तरी निकाल लागायचा तोच लागला.

अण्णा, क-१०३ (११:३३)
दादा, पेन्शन मागणे हे राजकारण असेल तर ते आपण उघडपणे करावे. भाऊ, आपल्या निराशेचे कारण मला कळते, परंतु चुकीच्या दारी मागणी केली तर उत्तर मिळणार नाही. ईपीएस केंद्राच्या हाती आहे, तेव्हा ते खासदारांना विचारायचे. वृद्धापकाळ पेन्शन राज्य देते, ती आमदारांना विचारायची. नगरसेवकांना संपत्ती कर आणि पाण्याच्या बिलाचे विचारायचे. आपण नगरसेवकांपुढे ईपीएसचे गाऱ्हाणे मांडतो, ते सहानुभूतीने ऐकतात, चहा घेतात आणि निघून जातात. एक उदाहरण याच शहरातले आहे. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांची २२४ कोटींची देणी डिसेंबर २०२३ मध्ये मिळाली. बत्तीस वर्षे ते लोक दर आठवड्याला मिलच्या फाटकापाशी जमत राहिले, अर्ज करत राहिले, म्हणून ती मिळाली.

नाना, अ-१०२ (११:५०)
माझे मोठे साडू त्याच मिलमध्ये होते. पैसे आले तेव्हा ते हयात नव्हते, त्यांच्या पत्नीने सही केली. आम्हाला बत्तीस वर्षांचा अवकाश नाही, अण्णा. माझे वय ७४ आहे.
माझी मागणी मी पुन्हा स्पष्ट करतो. एकदाच पाच हजार, दहा हजार हातावर ठेवावेत असे मी म्हणत नाही. जी पेन्शन आहे ती महागाईशी जोडावी. माझ्या पासबुकात सोळा वर्षे ओळीने १,८७४ हाच आकडा छापलेला आहे.

माई, ब-३०२ (दुपारी १२:२०)
विषय निघाला आहे तर जिना झाडणाऱ्या मावशींचेही ऐकावे. त्यांना गेल्या महिन्यात साठ वर्षे पूर्ण झाली. राज्याच्या लाडली बहना योजनेचे दरमहा १,५०० रुपये साठीपर्यंतच मिळतात, त्यामुळे ते बंद झाले. आता वृद्धापकाळ पेन्शनसाठी अर्ज करायचा आहे. ती मंजूर झाली तर ६०० रुपये मिळतील, आणि त्यासाठी दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव असावे लागते. काम तेच, जिने तेच, वय वाढले आणि हातातले ९०० रुपये कमी झाले. आपण त्यांचा पगारही तीन वर्षांत वाढवलेला नाही.

सचिव, क-३०१ (१२:४५)
माई, ही माहिती मला नव्हती. पगाराचा विषय रविवारी प्रथम घेतो.

खजिनदार ताई, ब-४०२ (दुपारी १:३०)
लिफ्ट कंपनीशी आत्ताच बोलणे झाले. काम सुरू करताना ४० टक्के, लिफ्ट बसल्यावर ४० टक्के आणि उरलेले तीन महिन्यांनी द्यायचे आहेत. म्हणजे सर्वांकडून एकरकमी घेण्याची आवश्यकताच नाही, हे नोटीस काढण्यापूर्वी विचारायला हवे होते आणि ती चूक माझी आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी आगाऊ भरल्यास इतरांना ४,००० रुपयांचे दहा हप्ते देता येतील. आम्ही आमचे पूर्ण पैसे या आठवड्यात भरतो.

माई, ब-३०२ (१:३८)
माझेही पूर्ण धरावेत.

दादा, अ-४०१ (१:५२)
मंजूर ठरावात हप्त्यांचा उल्लेख नाही. सभेच्या संमतीशिवाय बदल करू नये. तशी संमती झाल्यास माझी हरकत नाही.

नाना, अ-१०२ (२:१०)
ताई, आभारी आहे. फक्त एक विनंती आहे. हप्ते ‘अ-१०२ साठी विशेष बाब’ म्हणून लिहू नयेत. ज्याला हवे त्याला हप्ते, असा नियमच करावा. सूचना फलकावर माझ्या फ्लॅटचा क्रमांक एकटा दिसू नये, एवढे सांभाळावे. देखभालीचे वाढीव ६०० रुपये मात्र माझ्यासाठी अजूनही कठीणच आहेत, ते मी सभेत समोर बोलेन.

सचिव, क-३०१ (२:१८)
नियम सर्वांसाठीच राहील. सभा रविवारी सकाळी दहा वाजता आहे. खुर्च्या पार्किंगमध्ये लावतो, गच्चीवर नाही. अण्णांनी खासदारांच्या पत्राचा मसुदा आणावा आणि मावशींचे आधार कार्ड व बँक पासबुक कोणीतरी सोबत आणावे.

माई, ब-३०२ (२:२१)
मावशींना मी घेऊन येते. भाऊ, मला खाली उतरवायला साडेनऊला यावे.