योजनेचं कार्ड मिळतंय, मग मेडिक्लेमचा हप्ता भरायचा का?

आईबाबांच्या मेडिक्लेमच्या नूतनीकरणाचा मेसेज आलाय. बाबा 72, आई 66. दोघांच्या दोन पॉलिसी, मिळून हप्ता 61,000 रुपये. मागच्या वर्षी जीएसटी धरून 65,000च्या वर भरले होते. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला तेव्हा वाटलं, दहाएक हजार वाचले. त्यातले निम्मे मूळ हप्ता वाढण्यात गेले.

बारा वर्षांत क्लेम एकच, आईच्या मोतीबिंदूचा. बाबा म्हणतात, "सत्तरीनंतर सरकार आयुष्मान कार्डावर पाच लाखांपर्यंतचे उपचार देतंय, मग ह्या विमा कंपन्यांना कशाला पोसायचं?" भाऊ म्हणतो, म्हातारपणी पॉलिसी सोडली की पुन्हा मिळत नाही. मला दोघांचंही पटतं, हीच पंचाईत.

ज्यांनी सरकारी आणि विमा दोन्ही वापरलंय त्यांनी काय घडलं ते सांगा. सल्ला नको. एजंट मंडळींनी कृपया लांबूनच नमस्कार घ्यावा.

*

सासऱ्यांची अँजिओप्लास्टी राज्य सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेतून झाली, तीही खासगी रुग्णालयात. आमचं रेशनकार्ड पांढरं, त्यामुळे आपल्याला काही मिळत नाही असंच धरून चाललो होतो. 1 जुलै 2024 पासून सगळ्या रेशनकार्डांना पाच लाखांपर्यंत लागू झालंय, हे तिथल्या आरोग्यमित्राने, म्हणजे योजनेच्या मदतीसाठी रुग्णालयात बसणाऱ्या माणसाने, सांगितलं. दाराशीच त्याचं टेबल असतं, पण आपण थेट बिलिंगच्या खिडकीकडे धावतो.

अडचण आली ती वेगळीच. रेशनकार्डावर सासऱ्यांचं नाव "दत्तात्रय", आधारवर "दत्तात्रेय". त्या एका मात्रेपायी दीड दिवस गेला. पेशंट आत, नवरा तहसील कचेरीत. पुढे सगळं सुरळीत झालं, पैसे लागले नाहीत. पण रुग्णालय योजनेत हवं आणि उपचारही यादीत हवा. आधी आरोग्यमित्र गाठा, मग बाकीचं.

*

माझं उलट झालं. विमा होता, त्याच्या जिवावर निर्धास्त होतो.

पॉलिसी तीन लाखांची, बायकोच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनचं बिल 2,10,000. म्हटलं, बसतंय आत. डिस्चार्जच्या दिवशी कळलं, खोलीभाड्याला विमा रकमेच्या एक टक्का मर्यादा, म्हणजे दिवसाला 3,000. आम्ही घेतली होती 6,000ची खोली. मला वाटलं, फार तर वरचे 3,000 रोजचे खिशातून जातील. तसं नसतं! महागड्या खोलीबरोबर सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ सगळंच महाग होतं, म्हणून विमा कंपनी त्या सगळ्यालाच त्याच प्रमाणात कात्री लावते. औषधांचे 60,000 तेवढे वगळले. उरलेल्या दीड लाखाचे निम्मे, 75,000, मला भरावे लागले. वर हातमोजे, मास्क, चादर असल्या 'नॉन पेएबल' गोष्टींचे 9,000. एकूण 84,000.

बायको अजून म्हणते, त्या खोलीत सोफा होता, त्यावर मी एकदाही बसले नाही.

पॉलिसी काढताना माहितीपत्रक चाळलं होतं, पण त्यात मोठ्या अक्षरांत होतं ते तेवढंच. ताई, नूतनीकरणाआधी 'रूम रेंट' आणि 'को-पे' हे दोन शब्द शोधा. को-पे 20 टक्के असेल तर प्रत्येक मंजूर क्लेममधला पाचवा हिस्सा तुमचा. ज्येष्ठांच्या पॉलिसीत हे बऱ्याचदा असतं.

*

कोकणातल्या आमच्या गावी हा प्रश्नच वेगळा आहे. भावाला काजूच्या बागेत फुरसं चावलं. विम्याचं कॅशलेस रुग्णालय दोन तासांवर, ग्रामीण रुग्णालय वीस मिनिटांवर. तिथल्या डॉक्टरांनी काचेच्या नळीत रक्त घेतलं आणि वीस मिनिटं न हलवता ठेवलं. मी त्या नळीकडेच बघत बसलेलो. नंतर त्यांनी नळी तिरपी केली, रक्त पाण्यासारखं वाहिलं. गोठत नाही म्हणजे विष भिनलंय. लगेच सर्पदंशावरचं प्रतिविष सुरू केलं. चार दिवसांनी घरी आलो. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत, त्यामुळे केसपेपरचेही पैसे नाहीत. विम्याचं कार्ड सबंध वेळ माझ्या पाकिटात होतं.

विमा मी बंद केलेला नाही. पण 'आपल्याला सरकारी नको' म्हणणारे लोक बघितले की हसू येतं.

*

नोकरीतला विमा आहे म्हणून बसलेल्यांसाठी लिहितो. कंपनीचा पाच लाखांचा ग्रुप विमा होता. 41व्या वर्षी नोकरी गेली, त्याच दिवशी विमा गेला. तोवर मधुमेह लागलेला. नवी पॉलिसी मिळाली, पण आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षं थांबा. (पूर्वी चार वर्षांपर्यंत असायचं, 2024मध्ये तीनवर आणलं, एवढंच समाधान.) ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, हे मला नंतर कळलं. नोकरीत असतानाच विचारायला हवं होतं.

*

एकोणीस वर्षं सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. भाजलेला पेशंट, विषबाधा, अडलेलं बाळंतपण, मोठा अपघात असेल तर माझ्या घरच्यांनाही मी आमच्याच रुग्णालयात नेईन. असल्या केसेस रोज हाताखालून जातात, रात्री दोनला सुद्धा.

पण नवऱ्याच्या हर्नियाला मात्र विमा वापरला. आमच्याकडे तारीख मिळाली असती, पण ती कधी पुढे जाईल सांगता येत नाही. वर रक्ताची नळी प्रयोगशाळेत देणं, रिपोर्ट आणणं, औषधाच्या रांगेत उभं राहणं, हे करायला सबंध दिवस एक नातेवाईक लागतो. सरकारीत पैसे कमी लागतात आणि माणसं जास्त. आमच्या घरी आम्ही दोघंच, मुलगी परगावी. ज्यांच्या घरी माणसं आहेत त्यांनी हिशोब वेगळा करावा.

*

एजंटने फॉर्म भरताना 'मधुमेह आहे का' समोर "नाही" लिहिलं. मी सांगितलं होतं, तो म्हणाला, "राहू द्या काका, उगाच हप्ता वाढेल." सहाव्या वर्षी क्लेम नाकारला, माहिती लपवली म्हणून. पण सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय अशा कारणाने क्लेम नाकारता येत नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग विमा लोकपाल. वकील लागला नाही, फी नाही. पाच महिन्यांनी पैसे मिळाले. फॉर्म स्वतःच्या हाताने भरा, बाकी काही सांगत नाही.

*

विमाही नाही आणि योजनेच्या यादीतही बसत नाही, अशा वेळी धर्मादाय रुग्णालयात विचारा. महाराष्ट्रात त्यांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. आपणहून कोणी सांगत नाही. उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा, आयत्या वेळी तो हमखास सुट्टीच्या दिवशी हवा असतो.

*

सगळं रात्री बसून वाचलं, मग कपाटातून दोन्ही पॉलिसी काढल्या. बाबांच्यात 20 टक्के को-पे निघाला. बारा वर्षं हप्ता भरतेय आणि आज वाचलं.

सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड खासगी विमा असतानाही मिळतं, त्यामुळे काल बाबांना घेऊन केंद्रावर गेले. त्यांनी चाळीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले, बोटांवर ठसा म्हणून उरलेलाच नाही. दहाही बोटं लावून झाली. शेवटी केंद्रावरचा मुलगा म्हणाला, चेहरा घेऊ, आजोबा, पापण्या मिटा-उघडा. बाबांनी डोळे गच्च मिटले ते उघडेचनात, "झालं का?" विचारत राहिले. चौथ्या खेपेला झालं.

हप्त्याची शेवटची तारीख 18. आईला सत्तरी गाठायला चार वर्षं आहेत, तिचा भरणार. बाबांचा भावाशी बोलून बघते. बाबांनी कार्ड लॅमिनेट करून आणलंय.