किराणा दुकानात पिशवीचे वेगळे पैसे द्यावेत का, आणि घरच्या पिशवीची सवय कशी टिकवावी?

मूळ प्रश्न (पुणे)

नमस्कार. गेल्या महिन्यात घराजवळच्या एका मोठ्या किराणा भांडारात महिन्याचे सामान भरायला गेले होते. घरून दोन कापडी पिशव्या नेल्या होत्या, परंतु दारावरच्या रक्षकाने त्या आत नेऊ न देता बाहेरच्या कप्प्यात ठेवायला लावल्या. बिल होईपर्यंत मागे रांग खोळंबली होती, पिशव्या आणायला पुन्हा दारापर्यंत जाणे शक्य नव्हते, तेवढ्यात काउंटरवरच्या मुलाने "पिशवी देऊ का?" असे विचारले आणि मी घाईत हो म्हटले. घरी येऊन बिल वाचले तेव्हा दोन पिशव्यांचे २४ रुपये लावलेले दिसले, आणि त्या पिशव्यांवर भांडाराचे नाव ठळक अक्षरांत छापलेले होते. रक्कम मोठी नाही. मात्र स्वतःची पिशवी आणलेल्या माणसाला ती वापरू न देता दुसरी विकत घ्यायला लावणे मला फार लागले.

माझ्या लहानपणी बाजाराला निघताना खुंटीवरची पिशवी घ्यायची, हे कोणाला सांगावे लागत नसे. वाणी डाळ-साखर कागदाच्या पुड्यात घालून दोऱ्याने बांधून देई आणि तेलासाठी किटली घरूनच न्यावी लागे. पुढे प्लॅस्टिकच्या पिशव्या फुकट मिळू लागल्या आणि ती खुंटी रिकामी झाली. २३ जून २०१८ पासून राज्यात प्लॅस्टिकबंदीचा दंड सुरू झाला, तेव्हा काही महिने आमच्या सोसायटीतले सगळेच पिशव्या घेऊन बाहेर पडत असत. नंतर तो नेम कधी सुटला, ते कळलेही नाही. आज स्थिती अशी आहे की कपाटाचा एक पूर्ण खण साडीच्या दुकानांतून आणि लग्नसमारंभांतून आलेल्या पिशव्यांनी भरला आहे, तरी बाजारात गेल्यावर हात रिकामाच असतो.

पिशवीचे असे पैसे घेणे नियमाला धरून आहे का? घरातल्या पिशव्यांपैकी कोणत्या खरोखर वापरण्याजोग्या समजाव्यात? मासळी, दही, ओल्या पालेभाज्या यांचे काय करावे? आणि पिशवी सोबत असण्याची सवय मोडू नये म्हणून आपल्यापैकी कोणी काय केले, हेही सविस्तर सांगावे.

प्रतिसाद पहिला (सांगली)

ताई, माझे किराणा मालाचे छोटे दुकान आहे, म्हणून काउंटरच्या पलीकडची बाजू सांगतो. प्लॅस्टिकच्या पिशव्या आम्हाला किलोवर मिळत असत. एकेका पिशवीला इतके कमी पैसे पडत की त्यांचा हिशेब कोणीच धरत नसे, गिऱ्हाइकाने एक मागितली की दोन देत असू. बंदीनंतर कागदी आणि कापडी पिशव्या नगावर घ्याव्या लागल्या आणि तेव्हा पहिल्यांदा कळले की महिन्याकाठी आपण किती पिशव्या वाटत होतो. मोठ्या भांडारात गिऱ्हाईक पिशवीचे पैसे निमूटपणे देते. आमच्यासारख्या दुकानात पाच रुपये मागितले तरी तेच गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. दुसरीकडे, बंदी असलेली पिशवी सापडली तर पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,००० रुपये आणि तिसऱ्या वेळी २५,००० रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत तुरुंगवास अशी तरतूद आहे. छोट्या दुकानदाराचा अनेक दिवसांचा नफा पहिल्याच दंडात जातो.

मी दोन गोष्टी केल्या. मांजरपाटाच्या ३० पिशव्या शिवून घेतल्या आणि २० रुपये अनामत घेऊन त्या द्यायला सुरुवात केली, पिशवी परत आणली की पैसे परत. पहिल्या वर्षी निम्म्याच परत आल्या, परंतु ज्या आल्या नाहीत त्या लोकांच्या घरी वापरात आहेत आणि तेच लोक आता त्या घेऊन माझ्याकडे येतात, त्यामुळे मी तो तोटा समजत नाही. दुसरी गोष्ट जुनीच आहे. सकाळी कामावर जाताना यादी आणि पिशवी दुकानात ठेवून जावी आणि संध्याकाळी भरलेली पिशवी घेऊन घरी जावे. आमच्याकडे अनेक जण पुन्हा असे करू लागले आहेत. यात विसरायला जागाच राहत नाही, कारण पिशवी यादीबरोबरच घराबाहेर पडते.

आपल्या खणातल्या पिशव्यांविषयीही सांगतो. लग्नात आणि साडीच्या दुकानांत मिळणाऱ्या, हाताला कापडासारख्या लागणाऱ्या बऱ्याच पिशव्या कापडी नसतात, त्या पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लॅस्टिकच्या असतात. कडेचा छोटासा तुकडा चिमट्यात धरून काडीने पेटवून पाहावा. सूत असेल तर कागद जळल्यासारखा वास येऊन राख होते, प्लॅस्टिक असेल तर ते वितळून त्याची कडक गाठ बनते. अशी पिशवी उन्हात राहिली की तिचा भुगा होऊ लागतो, म्हणून ती गच्चीत किंवा गाडीच्या काचेखाली ठेवू नये.

प्रतिसाद दुसरा (ठाणे)

मी ग्राहक चळवळीत काम करते, त्यामुळे आपल्या प्रश्नातील नियमांचा भाग उलगडून सांगते. येथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होत असते. पिशवीचे पैसे घेणे मुळातच बेकायदा आहे, असा अनेकांचा समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. केंद्र सरकारच्या २०११ च्या प्लॅस्टिक कचरा नियमांत तर प्लॅस्टिकची पिशवी ग्राहकाला फुकट देऊ नये, असेच म्हटले होते. पुढे २०१६ च्या नियमांनी अशी पिशवी देऊ इच्छिणाऱ्या दुकानदाराने स्थानिक स्वराज्य संस्थेकडे नोंदणी करून वर्षाला किमान ४८,००० रुपये भरावेत, अशी तरतूद केली. ती मार्च २०१८ मध्ये वगळण्यात आली. हे सर्व प्लॅस्टिकच्या पिशवीपुरते होते आणि त्यामागचा हेतू पिशव्यांचा वापर कमी व्हावा, हा होता. कागदी किंवा कापडी पिशवी ग्राहकाच्या गळ्यात मारण्याला त्यातून कोणताही आधार मिळत नाही, तरीही काही दुकाने आजसुद्धा त्याच नियमांकडे बोट दाखवतात.

पिशवीला किंमत लावली म्हणजे गुन्हा होत नाही. ती किंमत केव्हा सांगितली जाते आणि ग्राहकाजवळ दुसरा मार्ग शिल्लक असतो का, हे पाहावे लागते. डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने एका मोठ्या दुकानसाखळीच्या प्रकरणात हेच स्पष्ट केले. पिशवीचे वेगळे पैसे पडतील, किती पडतील आणि पिशवी कशा प्रकारची आहे, हे ग्राहकाला वस्तू निवडण्याआधीच ठळकपणे कळले पाहिजे. माल घेऊन काउंटरवर उभे राहिल्यानंतर ते सांगणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. त्याआधी २०१९ मध्ये चंदीगडच्या ग्राहक मंचाने कागदी पिशवीसाठी घेतलेल्या अवघ्या ३ रुपयांवरून एका पादत्राणांच्या दुकानाला ९,००० रुपये द्यायला लावले होते आणि दुकानाचे नाव छापलेली पिशवी ग्राहकालाच विकणे म्हणजे त्याच्याकडून फुकट जाहिरात करून घेणे होय, हा मुद्दाही त्या प्रकरणात पुढे आला होता.

आपल्या प्रसंगात तर स्वतःची पिशवी आत नेण्यासच मनाई झाली, ही बाब मला २४ रुपयांहून अधिक गंभीर वाटते. चोरीची भीती दुकानाला वाटू शकते, हे मान्य आहे. तर मग रिकामी पिशवी तपासून आत सोडावी किंवा बाहेरचे कप्पे काउंटरच्या पुढे ठेवावेत, म्हणजे सामान घेऊन निघताना ग्राहकाला आपली पिशवी हाताशी मिळेल. आपण प्रथम व्यवस्थापकाला लेखी पत्र द्यावे, बिलाची प्रत जोडावी आणि पोच घ्यावी. उत्तर आले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

प्रतिसाद तिसरा (इंग्लंड, रेडिंग)

मी पंधरा वर्षांपासून येथे राहते, त्यामुळे पिशवीला पैसे पडू लागण्याआधीचे आणि नंतरचे असे दोन्ही काळ पाहिले आहेत. वेल्समध्ये ही आकारणी २०११ मध्येच सुरू झाली होती. इंग्लंडमध्ये ५ ऑक्टोबर २०१५ पासून मोठ्या दुकानांत प्रत्येक प्लॅस्टिकच्या पिशवीला ५ पेन्स पडू लागले आणि २१ मे २०२१ पासून ही रक्कम १० पेन्स होऊन छोट्या दुकानांनाही लागू झाली. २०१४ मध्ये येथील सात मोठ्या दुकानसाखळ्यांनी मिळून सुमारे ७६० कोटी पिशव्या दिल्या होत्या, पुढे काही वर्षांत त्यांच्याकडील हा वापर ९५ टक्क्यांहून अधिक घटला. पाच पेन्स कोणालाच जड नव्हते. तरीही काउंटरवर "पिशवी हवी का?" हा प्रश्न आला की माणूस क्षणभर थांबत असे आणि दोन वस्तू हातात धरूनच बाहेर पडत असे. मी स्वतः ब्रेड काखेत धरून आणि दुधाचा कॅन हातात घेऊन कितीदा तरी घरी आले आहे.

येथे हा सरकारचा कर नाही. रक्कम दुकानाकडे जमा होते, परंतु ती चांगल्या कामांसाठी द्यावी अशी अपेक्षा असते आणि मोठ्या दुकानांना तिचा हिशेब कळवावा लागतो. कच्चे मांस, मासे, सुटे उघडे अन्न आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधे यांच्यासाठी दिलेल्या पिशवीला पैसे पडत नाहीत. भारतात पिशवीचे पैसे कोठे जातात, हे ग्राहकाला कळतच नाही आणि तेथील रागाचे एक कारण हेच असावे, असे मला वाटते.

मात्र येथे एक चूक झाली आणि ती तिकडे होऊ नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे. पातळ पिशवीऐवजी लोक जाड, "आयुष्यभराची" म्हणून विकली जाणारी पिशवी घेऊ लागले आणि तीही घरी विसरू लागले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पर्यावरण संस्थांच्या पाहणीनुसार अशा जाड पिशव्यांची वार्षिक विक्री १५० कोटींवर, म्हणजे घरटी ५४ पर्यंत पोचली होती. या एका पिशवीत पातळ पिशवीच्या कितीतरी पट प्लॅस्टिक असते. सुती पिशवीलाही हाच हिशेब लागतो. कापूस पिकवायला पाणी आणि खत लागते. त्यामुळे ब्रिटनच्या पर्यावरण यंत्रणेच्या २०११ च्या अभ्यासानुसार, केवळ हवामानावरील परिणाम पाहिला तरी, सुती पिशवी १३१ वेळा वापरावी तेव्हा ती एकदाच वापरून टाकलेल्या पातळ पिशवीच्या बरोबरीला येते. पातळ पिशवी नंतर कचऱ्यासाठी वापरली, तर हा आकडा आणखी वाढतो. आठवड्यातून एकदा म्हटले तरी अडीच वर्षे झाली. म्हणून नवी पिशवी घेऊ नये, ती कितीही सुंदर असली तरी. जुन्या चादरीची, पडद्याची किंवा पँटच्या कापडाची शिवावी, कारण ते कापड आधीच घरात आहे.

प्रतिसाद चौथा (मालवण)

रेडिंगच्या ताईंचा हिशेब मला मान्य आहे, परंतु त्यात एक गोष्ट येत नाही आणि ती आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना रोज दिसते. पातळ पिशवी बनवायला सामग्री कमी लागते हे खरे, पण ती उडते, गटारात अडकते, भरतीला परत वाळूवर येते आणि खरकट्यासकट फेकली की गुरांच्या पोटात जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. इतके पाणी कोणत्याही नाल्याला झेपले नसते, परंतु पिशव्यांनी नाले तुंबल्याची चर्चा त्याच दिवसांत घरोघरी झाली आणि राज्यात पिशव्यांवरचे नियम कडक होण्याला तेथूनच जोर आला. तेव्हा पिशवी किती वेळा वापरली याबरोबरच शेवटी ती कोठे जाते, हेही पाहावे.

मासळीचे म्हणाल, तर घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा न्यावा. कोळणी त्यात मासे कापून घालून देतात, वास पिशवीला लागत नाही आणि घरी आल्यावर डबा राखेने किंवा बेसनाने घासला की स्वच्छ होतो. दह्यालाही डबाच. पालेभाजी निथळून, जुन्या सुती धोतराच्या तुकड्यात गुंडाळून मोठ्या पिशवीत वर ठेवावी. भाजीची पिशवी मात्र आठवड्याला गरम पाण्याने धुतलीच पाहिजे. फुकटच्या पिशव्या बंद झाल्यावर बऱ्याच घरांनी कचऱ्यासाठी काळ्या पिशव्यांची गुंडाळी विकत घ्यायला सुरुवात केली, तेही टाळता येते. ओला कचरा झाकणाच्या बादलीत ठेवून तसाच द्यावा, तळाशी वर्तमानपत्राचा एक कागद पुरतो.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. काल खण रिकामा करून मोजल्या, तर ३७ पिशव्या निघाल्या. सांगलीच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे काडी लावून पाहिली, तेव्हा खऱ्या सुती केवळ चारच ठरल्या आणि त्यांतली एक आईने जुन्या पडद्याची शिवलेली होती. तिचे बंद नव्याने शिवून घेतले. उरलेल्या टाकून देणार नाही. सात-आठ मजबूत होत्या त्या फाटेपर्यंत जड सामानासाठी वापरेन आणि बाकीच्या कोपऱ्यावरच्या भाजीवालीने गिऱ्हाइकांना द्यायला मागून घेतल्या.

चपलांच्या कपाटाला खुंटी ठोकली आहे, कारण चप्पल घातल्याशिवाय कोणी बाहेर पडत नाही. भाजी आणून ओतली की पिशवी लगेच तेथे परत लावायची, हे काम नातवाने आपणहून घेतले आहे. भांडाराच्या व्यवस्थापकांना आज बिलाची प्रत जोडून पत्र दिले. पिशवीची किंमत प्रवेशद्वारावर लिहावी आणि कप्पे काउंटरच्या पुढे हलवावेत, अशा दोनच मागण्या त्यात केल्या आहेत. पोचेवर शिक्का मिळाला आहे, उत्तर आले की येथे कळवीन.