लपणात बसताना माणसाचा वास दाबायचा खटाटोप करावा का?

कुळागर_सत्तरी
नमस्कार मंडळी. म्हादई अभयारण्याच्या हद्दीला लागून, पण खाजगी जमिनीत, आमची काजूची बागायत आहे. खालून ओहोळ जातो. बोंडू पिकायला लागले की रानडुकरं, सांबर, साळिंदर, कधी गवेही उतरतात. शिकार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे आणि ती बंदच राहावी. मला फक्त फोटो काढायचे आहेत, पाण्याजवळ लपणात बसून आणि वाटेवर ट्रॅप कॅमेरे (जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणारे) लावून.

अमेरिकेतले हरणांचे शिकारी वास लपवण्यावर भरपूर पैसा घालतात. बिनवासाचा साबण, कोळशाचं अस्तर असलेले कपडे, ओझोन सोडणारी यंत्रं, काय काय असतं. आपल्या हवेत, आपल्या जनावरांपुढे यातलं काय टिकतं? की फक्त वारा बघून बसलं तरी पुरे?

डोंगरवारा
वारा बघून बसा. आंघोळ आणि धुतलेले कपडे हवेतच, पण ते दुय्यम. यंत्रं घेऊ नका.

वास ओळखणारे कामाचे जनुक माणसात साधारण 400, कुत्र्यात 800 च्या आसपास, गाय आणि डुक्कर या दोघांत 1,100 च्या घरात किंवा वर. गवा गायीच्याच कुळातला. उलट बाजूला आपण. अंगावरून मिनिटाला त्वचेचे हजारो कण गळतात, काखेतले जिवाणू घामातून उग्र वासाची आम्लं तयार करत राहतात आणि श्वास तर सोडावाच लागतो. आंघोळ करून निघालात तरी लपणापर्यंतची चढण चढेस्तोवर कारखाना पुन्हा सुरू झालेला असतो.

सक्रिय कोळसा वास शोषतो हे खरं आहे. पण त्याची छिद्रं भरली की काम संपलं, आणि ती नीट मोकळी करायला शेकडो अंशांची उष्णता लागते. कपडे वाळवायच्या घरगुती यंत्राने ते होत नाही. गोव्याच्या दमट हवेत तर छिद्रांत आधी पाण्याची वाफच जाऊन बसते. ओझोनचं त्याहून वाईट. त्वचेच्या तेलाशी त्याची क्रिया होऊन ॲसिटोन आणि अल्डिहाइडं तयार होतात, म्हणजे एक वास मारून दुसरे दोन निर्माण केले. फुप्फुसांना तो घातक, आणि कॅमेऱ्याचं रबरही तडकवतो.

मग धुण्याचा उपयोग काय? जो वास रानात मुळीच नसतो तो काढण्यापुरता. खोबरेल, सुगंधी साबण, अगरबत्ती, स्वयंपाकघराचा धूर, फॅब्रिक कंडिशनर. कपडे धुतल्यावर शेवटच्या पाण्यात बादलीला मूठभर खाण्याचा सोडा घाला, त्याने घामातली आम्लं मरतात. मग कडक उन्हात पूर्ण सुकवा. इथे हमखास चुकतं ते हेच. अर्धवट सुकलेला कपडा दुसऱ्या दिवशी कुबट वास मारतो आणि सोड्याची सगळी मेहनत वाया जाते. सुकलेले कपडे झाकणाच्या डब्यात ठेवा आणि लपणाजवळ पोचल्यावर घाला, चढण जुन्या शर्टात चढा. कपड्यांना चकाकी देणारी पावडर टाळा. तिच्यातले उजळवणारे घटक अतिनील प्रकाशात चमकतात आणि हरणांच्या डोळ्याला तो प्रकाश आपल्यापेक्षा बराच जास्त दिसतो.

आता वारा. डिसेंबर ते मार्च या दिवसांत पहाटे मतलई वारे वाहतात आणि घाटाची थंड हवा ओहोळाच्या पात्रातून खाली, पश्चिमेकडे सरकत असते. ऊन उतारावर आलं की हवा तापून वर चढू लागते. दुपारनंतर खारे वारे आत पोचतात, तेही साधारण पश्चिम-वायव्येकडून. उतारावरची चढती हवा आणि हे वारे एका दिशेचे झाले की दिवसातली सर्वांत भरवशाची वेळ मिळते. म्हणजे पहाटे बसायचं तर पाण्याच्या खालच्या अंगाला, दुपारी बसायचं तर वरच्या अंगाला. दोन लपणं करा. एकाच जागेवर दोन्ही वेळा बसलात तर निम्मा वेळ तुमचा वास थेट पाण्यावर जाणार.

वारा पाहायला रुईच्या बोंडातला कापूस घ्या. बोंडं फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास फुटतात. राख हातभर जाऊन दिसेनाशी होते. कापसाचा धागा मात्र दूरवर तरंगत जातो आणि जांभ्या दगडाच्या आडोशाला हवा कशी गरगरते तेही दाखवतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक सोडा.

फोंडा_ट्रॅपकॅम
वाऱ्याबद्दल सगळं मान्य. ट्रॅप कॅमेऱ्याचा हिशेब मात्र वेगळा आहे. तिथे तुम्ही नसता, तुमचा वास जागेवर चिकटून राहतो आणि जनावर नाक लावण्याइतकं जवळ येतं. तिथे काळजी घेतलीच पाहिजे.

नवा कॅमेरा खोक्यातून काढला की प्लॅस्टिकचा आणि पट्ट्याचा वास मारतो. डबा बिनवासाच्या स्पिरिटने पुसा. पट्टा ओहोळाच्या पाण्यात भिजवून त्याच जागेच्या मातीत घोळवा. दोन-तीन दिवस सगळं सावलीत बाहेर टांगून ठेवा. लावताना नायट्राइलचे हातमोजे घाला. रबराच्या मोज्यांना स्वतःचाच वास असतो. झाडाला टेकून उभे राहू नका, गुडघे टेकायचे तर मोठ्या पानावर टेका. डासांचं मलम लावलेल्या हाताने कॅमेऱ्याला शिवूच नका. वासाचं सोडाच, डीट असलेलं मलम प्लॅस्टिक मऊ करतं आणि भिंगापुढचं आवरण धुरकट होतं. पावसाळ्यात जळवांसाठी तंबाखू-मीठ चोळण्यापेक्षा जळूमोजे बरे, त्यांना वास नाही.

डुकरासाठी कॅमेरा जमिनीपासून 40 ते 50 सेंटिमीटर, गव्यासाठी थोडा वर, वाटेपासून तीन-चार मीटरवर आणि वाटेला तिरका लावा. तोंड उत्तरेला केलं की सकाळ-संध्याकाळचं ऊन भिंगावर येत नाही. आत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि फटी बुजवा, नाहीतर मुंग्या घर करतात. कार्ड बदलायला पंधरा-वीस दिवसांतून एकदाच जा, भर दुपारी जा. रोज जाऊन बघणं ही सगळ्यात मोठी चूक, कारण प्रत्येक फेरीला ताजा वास पडतो आणि जनावर वाट बदलतं.

आणखी एक. जनावर भिंगाकडे रोखून बघतंय म्हणजे वासच लागला असं धरू नका. पुष्कळ कॅमेरे आपल्याला ऐकू न येणारा आवाज करतात आणि रात्रीच्या फोटोसाठी असलेल्या 850 नॅनोमीटरच्या अवरक्त दिव्यांची लाल चमक दिसते. 940 चे दिवे घेतले की चमक दिसत नाही, पण रात्रीचा पल्ला कमी होतो.

नेत्रावळी_पायवाट
मी थोडा विरोधात आहे. बागायतीत जनावरांना माणसाचा वास रोजचा आहे. पाणी सोडणारा, बोंडू वेचणारा, गुरं राखणारा, सगळ्यांचा वास त्या वाटेवर असतोच. रानडुक्कर त्या वासाने पळत नाही, वास चुकीच्या वेळी आणि चुकीच्या जागी आला की पळतं. म्हणून बिनवासाचं होण्यापेक्षा कामकऱ्यांच्या नेहमीच्या वाटेनेच लपणाशी जा आणि जनावरांची वाट कुठेही ओलांडू नका. गर्द अभयारण्यात मामला निराळा, बागायतीत एवढ्याने बरंच साधतं.

दुसरं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पायी फिरताना आपला वास लपवणं धोक्याचं आहे. अस्वल आणि एकटा गवा यांच्याशी गाठ अचानक पडली तर जिवावर बेतू शकतं. वारा तुमच्या पाठीमागून असला की त्यांना आधीच कळतं आणि ते बाजूला होतात. वास झाकायचाच असेल तर लपणात बसल्यावर, चालताना नको. चालताना अधूनमधून बोला, काठी आपटा.

जनावर ओढायला मीठ, सडके मासे, अत्तर असलं काही टाकू नका. 2018 साली पांढरकवड्याच्या टी-1 वाघिणीसाठी वन खात्याने विदेशी अत्तर वापरल्याच्या बातम्या वाचून पुष्कळांना ही युक्ती सुचते. पण कायद्याच्या कलम 2(16) मध्ये आमिष दाखवणं हे शिकारीच्या व्याख्येतच येतं, हातात बंदूक असो वा कॅमेरा. अभयारण्याच्या हद्दीत फोटोसाठी जायचं तर कलम 28 खाली मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो. तुमची हद्द नेमकी कुठे संपते ते सर्व्हे नंबरवरून आधी पक्कं करा.

कुळागर_सत्तरी
देव बरें करूं सगळ्यांना. एकच शंका राहिली. ओहोळाच्या काठावर हेळ्याचं जुनं झाड आहे, त्यावर चार-पाच मीटर उंचीवर मचाण बांधलं तर वास डोक्यावरून निघून जाईल का? सांबर संध्याकाळी काळोख पडायच्या सुमारास येतं.

डोंगरवारा
वारा चालू असेल तर जवळच्या पट्ट्यात हो, वास डोक्यावरून जातो. पण पुढे जाऊन तो जमिनीवर उतरतोच, तेव्हा सांबराची येण्याची वाट त्या उतरण्याच्या पट्ट्यात नको. तुम्ही सांगता ती वेळ नेमकी सर्वांत अवघड. सूर्य मावळला की खारे वारे पडतात आणि रात्रीची हवा अजून सरकू लागलेली नसते. तास-दीड तास हवा थबकते, गरगरते, मग थंड होऊन झाडाच्या बुंध्याशी साचते आणि पात्रातून खाली वाहू लागते. मचाणावरचा वास सगळा तिच्यातून पाण्यावर.

म्हणून मचाण पाण्याला लागून नको, खालच्या अंगाला तीस-चाळीस मीटर सरकवा आणि लांब भिंग वापरा. सूर्य मावळायच्या दोन तास आधी वर चढा म्हणजे चढणीचा घाम सुकतो. रुईचा कापूस खाली बुंध्याकडे उतरताना दिसला की हवा उलटली. त्यानंतर तो पाण्याच्या दिशेने जात असेल तर त्या दिवशी तिथून उठलेलं बरं. सांबराने एकदा पाय आपटून इशारा दिला की आसपासची सगळी जनावरं सावध होतात आणि ती जागा काही दिवस रिकामी राहते. उतरतानाही सांबर पाण्यावर असेल तर ते निघून जाईपर्यंत थांबा, आणि परत नेहमीच्या कामकरी वाटेनेच या.