ट्रॅप असूनही वास का येतो

'ट्रॅप बसवला की गटाराचा वास येणारच नाही' असं बरेचदा सांगतात. ट्रॅप म्हणजे मोरीच्या जाळीखालचा, थोडं पाणी साठवून ठेवणारा वळणाचा भाग. ते म्हणणं तत्त्वतः बरोबर. पण वास अडवतं ते ट्रॅपमधलं जेमतेम 50 मिमी पाणी. वापरात नसलेल्या बाथरूममध्ये ते हळूहळू आटतं. तिथे तांब्याभर पाणी ओतून वर चमचाभर गोडेतेल सोडा, म्हणजे लवकर आटत नाही.

रोजच्या मोरीतून वास येत असेल, तर जाळी काढून टॉर्च मारा. ट्रॅपच्या काठावरून पलीकडे लोंबणारा केसांचा गुंता वातीसारखं पाणी ओढून घेतो. तो हातानेच काढा, ॲसिड अजिबात नको! वरच्या मजल्यावर बादली ओतल्यावर तुमच्याकडे गुडगुडत असेल, तर गच्चीवरच्या व्हेंट पाइपचं (सांडपाण्याच्या पाइपात हवा येऊ-जाऊ देणाऱ्या नळीचं) तोंड बुजलंय का ते आधी बघा.