मदत हवी आहे: ख्याल ऐकणाऱ्या मंडळींना रॉकचे कोणते थेट ध्वनिमुद्रण ऐकवावे?

नमस्कार. इंदूरच्या टिळकनगरात आम्ही काही जण अधूनमधून एकत्र बसून जुनी ध्वनिमुद्रणे ऐकतो. बहुतेकांचा कान उस्ताद अमीर खाँ आणि देवासचे कुमार गंधर्व यांच्या मैफलींवर तयार झालेला आहे. पुढची दोन तासांची बैठक रॉकसाठी राखून ठेवली असून निवड माझ्यावर सोपवली आहे. स्टुडिओतले अल्बम मला नकोत, कारण या श्रोत्यांना कलावंत समोरच्या माणसांपुढे त्या क्षणी काय करतो हेच ऐकायचे असते. निवडीबाबत मात्र मी अडलो आहे आणि जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

माझा पहिला कौल डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडच्या 'मेड इन जपान' या थेट अल्बमला आहे. १५ आणि १६ ऑगस्ट १९७२ रोजी ओसाका येथे आणि १७ ऑगस्टला टोकियोच्या बुदोकान सभागृहात झालेल्या कार्यक्रमांतून मूळ अल्बमची सात गाणी निवडली गेली. 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन'मध्ये रिची ब्लॅकमोरची गिटार एक स्वरवाक्य टाकते आणि इयान गिलन ते जसेच्या तसे गळ्यातून परत करतो, मग वाक्ये अधिकाधिक अवघड होत जातात. हे सवाल-जवाब ऐकवायला कसलीही प्रस्तावना लागणार नाही असे मला मनापासून वाटते. 'चाइल्ड इन टाइम'च्या आरंभी जॉन लॉर्डचा ऑर्गन अगदी हळू वाजत असताना श्रोते ज्या शांतपणे ऐकतात, तेही आमच्या मंडळींच्या लक्षात येईल. तिन्ही रात्रींची मुद्रणे १९९३ मध्ये तीन सीडींच्या संचात आली. तेव्हा एकच गाणे दोन रात्रींचे लागोपाठ ऐकवावे काय? एकच राग दोन मैफलींत कसा वेगळा उलगडतो हे जाणणाऱ्यांना त्यात रस वाटेल, परंतु त्यासाठी फरक कानाला स्पष्ट जाणवणारे गाणे हवे. ते कोणते?

दुसरी अडचण 'द हू' या ब्रिटिश बँडच्या 'लाइव्ह ॲट लीड्स'ची आहे. १४ फेब्रुवारी १९७० रोजी लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहात झालेल्या या कार्यक्रमातली केवळ सहा गाणी मूळ तबकडीवर होती आणि मुद्रणातली खरखर तशीच असू द्यावी, ती दुरुस्त करू नये, अशी सूचना तबकडीच्या लेबलावरच छापलेली होती. पुढच्या आवृत्त्यांत ती खरखर काढली गेली. २००१च्या आवृत्तीत 'टॉमी' या त्यांच्याच आधीच्या अल्बमची गाणी आली, पण कार्यक्रमाच्या मध्यावर सादर झालेला तो भाग वेगळ्या सीडीवर ठेवला गेला. मैफलीचा चढता क्रम मोडून ऐकवणे मला पटत नाही. तरीही कीथ मूनचा ड्रम आणि जॉन एन्टविसलची बास गिटार एकमेकांना रेटत पुढे जातात तो आवेश त्या सहा गाण्यांत जितका दाट आहे तितका मला संपूर्ण कार्यक्रमात जाणवत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच बँडच्या हल शहरातील कार्यक्रमाच्या मुद्रणात सुरुवातीच्या काही गाण्यांचा बास नोंदलाच गेला नव्हता आणि प्रकाशनाच्या वेळी तो लीड्सच्या फितीवरून घेऊन जोडला गेला. कलावंत तोच, स्वर त्याचेच, पण रात्र निराळी. असे मुद्रण थेट म्हणून ऐकवणे आपल्याला योग्य वाटते काय?

थिन लिझीच्या १९७८च्या 'लाइव्ह अँड डेंजरस'बाबत तर निर्माते टोनी व्हिस्कॉन्टी यांनी बराचसा भाग नंतर स्टुडिओत भरल्याचे सांगितले आणि बँडच्या बाजूने ते नाकारले गेले. अल्बम मला अतिशय प्रिय आहे, पण या बैठकीसाठी तो मी बाजूला ठेवला आहे.

ऑलमन ब्रदर्स बँडचे मार्च १९७१चे न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहातले मुद्रण मात्र सोडवत नाही. 'व्हिपिंग पोस्ट' वीस मिनिटांहून मोठे आहे. ड्युएन ऑलमन आणि डिकी बेट्स यांच्या गिटारी त्यात जेथे लय जवळजवळ थांबवतात, तेथे विलंबित ऐकणारा माणूस नक्की सावरून बसेल. परंतु हे आणि जपानचे मुद्रण दोन्ही नीट ऐकवायची तर लीड्सला जेमतेम अर्धा तास उरतो. अशा वेळी लीड्सची मूळ सहा गाण्यांची तबकडी घ्यावी, की ते पूर्ण वगळून फिलमोरला मोकळा वेळ द्यावा? ज्यांनी अशा मिश्र श्रोत्यांपुढे ही ध्वनिमुद्रणे लावली आहेत, त्यांनी कोणत्या आवृत्तीचा आवाज साध्या घरगुती स्पीकरवर अधिक खुला वाटतो हेही कृपया सांगावे.