आजीच्या ओव्यांच्या फाइलींना व्हायरसने कुलूप लावले आहे. संगणक फॉरमॅट करण्यापूर्वी काय करावे?

नीराकाठ

नमस्कार. गेल्या शनिवारी आमच्या घरच्या संगणकावर जे घडले ते क्रमाने लिहिते, म्हणजे जाणकारांना त्यावरून निदान करता येईल. माझी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणत असे आणि ती जाण्याआधीच्या दोन उन्हाळ्यांत मी तिच्याजवळ बसून लहानशा रेकॉर्डरवर एकूण ४१ ध्वनिमुद्रणे केली होती. त्यांपैकी २९ डब्ल्यूएव्ही स्वरूपात आहेत आणि १२ एमपीथ्री. पुन्हा पुन्हा ऐकून टंकलेल्या ओव्यांच्या वर्ड फाइली आणि जुन्या घराचे फोटोही त्याच फोल्डरमध्ये होते. दुसरी प्रत नव्हती.

मुद्रणांतली पंख्याची घरघर काढून टाकावी म्हणून मी एका संकेतस्थळावरून एक विकतचे ध्वनिसंपादन सॉफ्टवेअर ‘क्रॅक’सह, म्हणजे ते पैसे न भरता चालवण्याच्या चोरट्या जोडणीसह, उतरवून घेतले. अँटीव्हायरस थोडा वेळ बंद ठेवावा अशी सूचना तिथे होती आणि मी ती पाळली. लगेच विंडोज अद्ययावत होत असल्याची खिडकी आली, टक्केवारी सावकाश पुढे सरकू लागली, म्हणून मी कुकर लावायला स्वयंपाकघरात गेले. परत आले तेव्हा प्रत्येक फाइलच्या नावाला चार अनोळखी अक्षरांचे शेपूट लागलेले होते, सगळी चिन्हे पांढरी झाली होती आणि दर फोल्डरमध्ये एक इंग्रजी चिठ्ठी होती. फाइली सोडवायच्या असतील तर ९८० डॉलर द्या, ७२ तासांच्या आत संपर्क साधलात तर ४९० डॉलर, आणि खात्री पटावी म्हणून एक फाइल फुकट उघडून देऊ, असा तिचा मजकूर आहे.

घाबरून मी जुना पेन ड्राइव्ह जोडून पाहिला, कारण त्यावर घराचे काही फोटो होते. थोड्याच वेळात त्यांचीही तीच गत झाली. अँटीव्हायरस कंपन्यांची संकेतस्थळे या संगणकावर उघडतच नाहीत, मात्र बाकीचे इंटरनेट व्यवस्थित चालते. एका दुकानदाराने ‘डेटा विसरा, फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून देतो’ असे सांगितले, तर दुसऱ्याने पंचवीस हजार रुपयांत सर्व फाइली उघडून देण्याची हमी दिली. ७२ तास उलटून गेले आहेत. फॉरमॅट करावे का, पैसे द्यावेत का, आणि निदान आवाज तरी परत मिळेल का, हे कृपया कोणी सांगावे.

दुरुस्तीवाला_नाशिक

ताई, सर्वप्रथम दोन गोष्टी कटाक्षाने पाळा: फॉरमॅट करू नका आणि कोणालाही पैसे देऊ नका. ती चिठ्ठी, रकमेचे आकडे, नावाला लागलेली चार अक्षरे आणि विंडोज अपडेटची खोटी खिडकी, ही सगळी लक्षणे ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या खंडणीखोर व्हायरसच्या कुळाशी जुळतात. २०१८ पासून हे कूळ घरगुती संगणकांच्या मागे लागलेले आहे आणि त्याचा प्रवेश बहुतेक वेळा क्रॅकमधूनच होतो. माझ्या बाकावर अशा कितीतरी हार्ड डिस्क आलेल्या आहेत.

पेन ड्राइव्हचे काय झाले ते आधी समजून घ्या, कारण धोका अजून टळलेला नाही. हा व्हायरस विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी कामे आपोआप सुरू करणाऱ्या सोयीत, ‘टाइम ट्रिगर टास्क’ नावाची नोंद करून ठेवतो. त्यामुळे तो दर काही मिनिटांनी पुन्हा जागा होतो आणि नवीन फाइल किंवा नवा ड्राइव्ह दिसला की त्यालाही कुलूप लावतो. संकेतस्थळे न उघडण्याचे कारणही साधे आहे. विंडोजमध्ये ‘होस्ट्स’ नावाची एक छोटी मजकुराची फाइल असते आणि तिच्यात सुरक्षाविषयक संकेतस्थळांची नावे घालून तो ती वाट अडवतो, म्हणजे पीडिताला मदतीपर्यंत पोहोचताच येऊ नये.

तेव्हा संगणक बंद करा. मित्राच्या संगणकावर उबंटू लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत प्रणालीचा, पेन ड्राइव्ह तयार करून घ्या आणि तुमचा संगणक त्यावरून सुरू करा. विंडोज चालू होत नाही, म्हणून व्हायरसही चालत नाही. अशा स्थितीत कुलूपबंद फोल्डर जसाच्या तसा, चिठ्ठ्यांसकट, एका कोऱ्या बाह्य हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. सी ड्राइव्हवर ‘सिस्टिमआयडी’ नावाचे एक फोल्डर असेल आणि त्यात ‘पर्सनलआयडी’ नावाची फाइल असेल, तीही अवश्य घ्या.

त्या फाइलीतली ओळ, म्हणजे तुमचा ओळखक्रमांक, महत्त्वाची आहे. व्हायरसला कुलूप लावताना त्याच्या मालकाच्या सर्व्हरशी संपर्क साधता आला, तर प्रत्येक संगणकासाठी वेगळी किल्ली तयार होते. नाही साधता आला, तर तो स्वतःबरोबर आणलेली एकच ठरावीक किल्ली वापरतो. दुसऱ्या प्रकारात ओळखक्रमांकाच्या शेवटी इंग्रजी ‘टी’ हे अक्षर आणि १ हा आकडा असतो. इमसिसॉफ्ट या कंपनीने मायकेल गिलेस्पी या संशोधकाच्या साहाय्याने ऑक्टोबर २०१९ मध्ये या कुळाच्या १४८ उपप्रकारांसाठी मोफत सोडवणूक साधन प्रसिद्ध केले होते. ऑगस्ट २०१९ नंतरच्या उपप्रकारांत मात्र कुलूप अधिक पक्के आहे आणि त्यांत ठरावीक किल्लीच्या फाइलीच, तीही ती किल्ली हाती आलेली असेल तरच, सुटतात. तुमचा क्रमांक ‘टी-१’ने संपत नसेल तर आज किल्ली नाही, हे स्पष्ट सांगतो. पंचवीस हजार मागणाऱ्याकडेही ती नाही. असे लोक एक तर गुन्हेगारांनाच पैसे पाठवतात आणि वर स्वतःचा हिस्सा ठेवतात, किंवा आगाऊ रक्कम घेऊन हात वर करतात.

ध्वनिवेडा

वरील उत्तर योग्यच आहे, परंतु आपल्या ४१ मुद्रणांपुरती परिस्थिती त्याहून पुष्कळ आशादायक आहे. माझ्याकडच्या मैफलींच्या मुद्रणांवर हाच प्रसंग ओढवला होता, म्हणून खात्रीने लिहीत आहे.

हा व्हायरस घाईत असतो. हजारो फाइली मालकाच्या लक्षात येण्याआधी उरकायच्या असल्यामुळे तो संपूर्ण फाइलला हात लावत नाही, प्रत्येक फाइलचे केवळ पहिले सुमारे दीडशे किलोबाइट कुलूपबंद करतो. त्याहून लहान असलेली वर्ड फाइल त्यात पूर्ण जाते, फोटोचा मथळा, म्हणजे तो कसा वाचावा हे सांगणारी सुरुवातीची माहिती, जातो आणि तो उघडेनासा होतो. पण ध्वनीच्या फाइलीत दीडशे किलोबाइट म्हणजे किती, याचा हिशेब करून पाहा. सीडीच्या दर्जाच्या स्टिरिओ डब्ल्यूएव्ही मुद्रणाला दर सेकंदाला १,७६,४०० बाइट लागतात, म्हणजे आपले नुकसान एका सेकंदाहूनही कमी आहे! १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत दर सेकंदाला १६,००० बाइट लागतात, तिथे सुरुवातीचे साधारण साडेनऊ सेकंद जातात. उरलेला आवाज जागच्या जागी शाबूत आहे. फक्त फाइलच्या तोंडाशी असलेली माहिती बिघडल्यामुळे प्लेअरला ती कशी वाचावी हे कळत नाही.

डब्ल्यूएव्हीसाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर एखाद्या निरोगी संगणकावर घ्या. ते अधिकृतपणे मोफत आहे आणि पंख्याची घरघर काढण्याची सोयही त्यात आहे, त्यामुळे आपल्याला क्रॅककडे जावे लागले याचे फार वाईट वाटले. कुलूपबंद फाइलची प्रत करा आणि तिच्या नावातले शेवटचे चार अक्षरांचे शेपूट काढा. नंतर ऑडॅसिटीत फाइल मेनूतून इम्पोर्ट आणि तिथून ‘रॉ डेटा’ निवडा. समोर येणाऱ्या चौकटीत सोळा बिट साइन्ड पीसीएम, लिटल एंडियन, दोन चॅनल आणि ४४,१०० हर्ट्‌झ भरा. रेकॉर्डर मोनो असेल तर एक चॅनल. ‘स्टार्ट ऑफसेट’च्या, म्हणजे कितव्या बाइटपासून वाचायचे त्याच्या, जागी १,५४,००० हा आकडा स्वल्पविरामाशिवाय लिहा. हा आकडा चाराने भागला जाईल असा मुद्दाम घेतला आहे, कारण दोन चॅनलच्या एका नमुन्याला चार बाइट लागतात आणि मध्येच सुरुवात झाली तर आवाजाऐवजी नुसती खरखर ऐकू येते. खरखरच आली तर आकडा एकाने वाढवून पाहा. आवाज फार जलद किंवा फार संथ वाटला, तर हर्ट्‌झचा आकडा ४८,००० करून पाहा.

एमपीथ्रीच्या प्रतींची नावे पूर्ववत करून त्या व्हीएलसी या प्लेअरमध्ये लावा. बहुतेक वेळा सुरुवातीचा कचरा ओलांडून गाणे आपोआप सुरू होते. आणखी एक विचारायचे आहे: रेकॉर्डरचे मेमरी कार्ड अजून आपल्याकडे आहे का? त्यावरच्या फाइली पुसल्या असल्या, पण नंतर कार्ड फारसे वापरले नसेल, तर फोटोरेक या मोफत साधनाने त्या परत मिळू शकतात. कार्डावर नवीन काहीही लिहू नका आणि मिळालेल्या फाइली वेगळ्या डिस्कवर उतरवा.

सह्यकडा

फाइलींबद्दल वर सविस्तर आले आहे. मी एका वेगळ्या आणि अधिक तातडीच्या गोष्टीकडे लक्ष वेधू इच्छितो. या कुळातले व्हायरस अनेकदा एकटे येत नाहीत. त्यांच्याबरोबर ॲझोरल्ट, विदार किंवा रेडलाइन यांसारखा माहिती चोरणारा साथीदार असतो आणि तो ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकीज (आपण खात्यात शिरलेलो आहोत याची नोंद ठेवणाऱ्या छोट्या फाइली) गोळा करून काही मिनिटांत पाठवून देतो. कुलूप डोळ्यांना दिसते, ही चोरी दिसत नाही, आणि म्हणूनच लोक तिच्याकडे दुर्लक्ष करतात.

आजच, या संगणकावरून नव्हे तर मोबाइलवरून, आधी ईमेलचा आणि मग बँकेचा पासवर्ड बदला. त्यानंतर ईमेलच्या सुरक्षा विभागात जाऊन ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्याय अवश्य वापरा, कारण चोरलेल्या कुकीच्या आधारे पासवर्डशिवायही खात्यात शिरता येते. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार नोंदवा. बँक खात्यातून पैसे गेल्याचे दिसले तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या क्रमांकावर फोन करा.

फॉरमॅटच्या बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे. आता करू नये हे मान्य, परंतु फाइलींची प्रत सुरक्षित झाल्यावर विंडोज नव्यानेच टाकावे. नुसते स्कॅन करून निर्धास्त होणे मला पटत नाही, कारण कोणकोणते साथीदार आत शिरले होते हे घरबसल्या खात्रीने सांगता येत नाही. नव्या विंडोजमध्ये ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ ही सोय स्वतः जाऊन सुरू करा. ती मुळात बंद असते, सुरू केल्यावर अनोळखी प्रोग्रॅमला ठरावीक फोल्डरमध्ये लिहू देत नाही. आणि ओव्यांची एक प्रत अशा डिस्कवर ठेवा, जी काम झाल्यावर संगणकापासून काढून कपाटात जाईल.

नीराकाठ

सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. काय झाले ते कळवते, कारण पुढे कोणावर हीच वेळ आली तर उपयोग होईल.

पासवर्ड त्याच रात्री बदलले. ईमेलच्या खात्यात एका अनोळखी ठिकाणाहून प्रवेश झाल्याची नोंद खरोखरच होती, ती बंद केली आणि पोर्टलवर तक्रार दिली. उबंटूचा पेन ड्राइव्ह शेजारच्या महाविद्यालयीन मुलाने करून दिला आणि सगळा फोल्डर नव्या डिस्कवर आला. पर्सनलआयडीच्या फाइलीत एकच ओळ आहे आणि ती ‘टी-१’ने संपत नाही, त्यामुळे वर्ड फाइली आणि फोटो तूर्त तसेच जपून ठेवले आहेत. लेकाच्या लग्नानंतर आत्याला पाठवलेल्या ईमेलमध्ये ओव्यांच्या दोन वर्ड फाइली सापडल्या. बाकीच्या मी मुद्रणे ऐकून पुन्हा टंकणार आहे.

कारण मुद्रणे मिळाली आहेत. २९ च्या २९ डब्ल्यूएव्ही फाइली ऑडॅसिटीत उघडल्या. दोन वेळा खरखर आली, आकडा एकाने वाढवल्यावर ती थांबली आणि जात्याची घरघर ऐकू आली. सर्वांत जुन्या मुद्रणाच्या आरंभी आजी ‘पहिली माझी ओवी’ म्हणते, त्यातला ‘पहि’ तेवढा गेला आहे आणि आता ते ‘ली माझी ओवी’ असे सुरू होते.

एमपीथ्रीपैकी अकरा वाजतात. बारावी जेमतेम नऊ सेकंदांची होती, म्हणून ती पूर्ण गेली. तिच्यात ओवी नव्हती, ‘चालू झालं का गं?’ एवढेच आजी विचारत होती. रेकॉर्डरचे कार्ड आईच्या शिवणाच्या डब्यात सापडले असून फोटोरेकने त्याची तपासणी सध्या चालू आहे. ती फाइल मिळाली तर इथे कळवीन.